केंट : राजाला 'चुकताय' म्हणणारा एकनिष्ठ सेवक

'एकनिष्ठ म्हणजे कोण?' असं मुलांना विचारलं की उत्तर येतं, 'सांगितलेलं सगळं ऐकणारा.' शेक्सपिअरच्या 'किंग लिअर' या शोकांतिकेतला केंट हे उत्तर खोडून काढतो.

लिअर राजा तोंडपुज्या गोनेरिल आणि रीगनला राज्य वाटून देतो, खरं बोलणाऱ्या धाकट्या कॉर्डेलियाला मात्र झिडकारतो. भर दरबारात केंट त्याला अडवतो आणि हद्दपार होतो. तरी वेश बदलून, केयस हे नाव घेऊन तो परत येतो आणि त्याच राजाची चाकरी करतो. राजाच्या कामावर असताना त्याचे पाय खोड्यात अडकवले जातात. वादळी रात्रीही तो राजाला सोडत नाही.

शेवटी तो आपली ओळख सांगतो, पण दुःखात बुडालेल्या लिअरला ती नीट उमगतही नाही. ना बक्षीस, ना शाबासकी! केंटची निष्ठा राजाच्या हितावर होती, त्याच्या हुकमावर नाही.

वर्गात मुलांना विचारा, 'मित्र चुकत असेल तर तुम्ही काय कराल?' आणि एखादं लेकरू म्हणालं, 'बाई, फळ्यावरचं गणित चुकलंय', तर त्याला उद्धट म्हणण्याआधी आपणही केंटला आठवू या.