पाटीवरचा जादा अपॉस्ट्रॉफी

प्रश्न : आमच्या पेठेत एका दुकानाच्या पाटीवर ‘टॉवेल्स’ लिहिताना एसच्या आधी अपॉस्ट्रॉफी दिलाय. रोज डोळ्यांत खुपतो. चूकच ना?
– एक वाचक, शुक्रवार पेठ, सोलापूर

उत्तर : चूकच. अनेकवचनाला नुसता एस पुरतो. हे चिन्ह मालकी किंवा गाळलेलं अक्षर दाखवतं. खरी गोची ‘इट्स’ची. ‘इट इज’चा संक्षेप असेल तर चिन्ह हवं, ‘त्याचं’ म्हणायचं असेल तर नको. हर्स, अवर्सलाही ते नसतंच. गंमत म्हणजे 18व्या शतकात मालकीच्या ‘इट्स’लाही इंग्रज सर्रास चिन्ह लावत. पेंटरवर चिडू नका. खुद्द इंग्लंडात भाजीवाल्यांच्या पाट्यांमुळे या चुकीला ‘ग्रीनग्रोसर्स अपॉस्ट्रॉफी’ म्हणतात. आणि जुन्या कागदांवर सोलापूरच्या इंग्रजी नावात एसपुढे एच दिसला, तर तो खोडू नका. ती ब्रिटिश काळातली रीत.