खाऊचे पैसे मुलाच्या हाती

प्रश्न : मुलगा दहा वर्षांचा आहे. हातात पैसे दिले तर तो बिघडेल का?

उत्तर : पैसे हाताळल्याने मूल बिघडत नाही, मागेल तेव्हा मिळत गेले तर मात्र हिशेबाची सवय लागत नाही. दर रविवारी ठरावीक छोटी रक्कम द्यावी. बुधवारीच ती वडापाव-पेप्सीकोल्यात संपली, तर पुढच्या रविवारपर्यंत भर घालू नये, रागावूही नये. ही चूक वीस-तीस रुपयांत होते तेच बरे. घरकामाचा मोबदला म्हणून पैसे देणे टाळावे. नाहीतर ताट उचलण्याचाही भाव ठरतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १० वर्षे व त्यावरील मुलांना बचत खाते स्वतः चालवता येते. व्यवहारांची मर्यादा बँक ठरवते. मोबाइलवरील पेमेंटचा पिन मात्र पालकांकडेच असावा.