आजचं चिंतन : ‘ळ’, पहिलं न येणारं अक्षर

गेल्या आठवड्यात गावी, कळंबला गेलो होतो. संध्याकाळी देवापुढे दिवा लागला आणि पुण्यात वाढलेली माझी भाची मोबाईलवर बघून विठोबाची आरती म्हणायला लागली. आरती इंग्रजी अक्षरांत लिहिलेली होती. त्यात ल आणि ळ दोन्हीला एकच ‘एल’. मग माळेची ‘माला’ झाली, गळ्याचा ‘गला’. आम्ही दोघं-तिघं हसलो. ती गप्प झाली आणि मोबाईल बाजूला ठेवून दिला.

आजीनं तिला जवळ बसवलं. “आपल्या गावाचं नाव सांग बरं.”

“कलंब.”

“जीभ जरा मागं वळव, टाळूला लाव. आता म्हण.”

चार-पाच वेळा चुकलं, मग जमलं. तेव्हापासून हे अक्षर माझ्या डोक्यात आहे. आज त्याच्यावरच बोलूया.

वेदातला ळ

‘ळ’ फक्त मराठीचा, असं आपल्याला वाटतं. पण ऋग्वेदाच्या अगदी पहिल्या ऋचेत ‘ईळे’ हा शब्द आहे. अर्थ, ‘मी स्तुती करतो’. मूळ धातू ‘ईड्’. ऋग्वेदाच्या पठणात दोन स्वरांच्या मध्ये आलेला ड हा ळ होतो. लगेच पुढच्या ऋचेत त्याच धातूचा ‘ईड्य’ म्हणजे ‘स्तुतीला योग्य’ हा शब्द येतो. तिथं ड च्या पुढे य आहे, म्हणून ड तसाच राहतो. नंतरच्या संस्कृतात मात्र हा ळ मागे पडला. गीतेच्या ११व्या अध्यायात अर्जुन भगवंताला ‘ईड्य’ म्हणतो, तिथंही ड च आहे.

आपल्या तोंडातला ळ

मराठीतला ळ बहुतेक वेळा वेगळ्या वाटेनं आला. संस्कृत शब्दात दोन स्वरांच्या मध्ये एकटा ल असेल, तर लोकांच्या बोलण्यात त्याचा ळ झाला. फल-फळ, मूल-मूळ, वेला-वेळ, श्यामल-सावळा, गोपाल-गोपाळ. पण ल जोडाक्षरात असेल, तर तो ल च राहिला. ‘वल्ली’ची वेल झाली. ‘कल्य’चा काल झाला, म्हणजे आजच्या आधीचा दिवस. आणि संस्कृत ‘काल’ आपल्याकडे काळ झाला. म्हणून काल आणि काळ, वेल आणि वेळ हे वेगळे शब्द आहेत. ळ गेला की अर्थही जातो.

कमल, बालक, विठ्ठल हे शब्द आपण ल नंच म्हणतो, तेही बरोबरच. संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले शब्द ल ठेवतात. घरात रुळलेले शब्द ळ घेतात. बालक पुस्तकात असतो, बाळ मांडीवर!

आणि कळंब? कदंबाच्या झाडालाही मराठीत कळंब म्हणतात. भागवताच्या दशम स्कंधात, १६व्या अध्यायात, कृष्ण कदंबावर चढून कालियाच्या डोहात उडी घेतो. संस्कृतातला तो कदंब आपल्या जिभेवर कळंब झाला.

आजचा बोध

मराठीत एकही शब्द ळ नं सुरू होत नाही. वर्णमालेतही तो ह च्या नंतर, मागे उभा. पण तुळस, टाळ, माळ, कळस, तुळजाभवानी, आमच्या तालुक्यातलं येरमाळा, सगळीकडे तो आहेच. पुढे यायची घाई नाही, आणि त्याच्याशिवाय चालतही नाही. सेवेकरी असाच असावा, नाही का?

दुसरा बोध माझ्यासाठी. अक्षर तिचं चुकलं होतं, पण भाव माझा चुकला. देवासमोर म्हणणाऱ्याला हसून गप्प करणं, ही उच्चारापेक्षा मोठी चूक. आजीनं चूक सुधारली, पण आधी जवळ घेतलं.

त्या रात्री भाचीनं आरती पुन्हा म्हटली. दोन ठिकाणी अडखळली. या वेळी कोणी हसलं नाही, आम्ही टाळ्या धरल्या.

आजचा संकल्प : रोजची आरती एकदा देवनागरीत वाचा. प्रत्येक ळ वर क्षणभर थांबा. आणि घरात कोणी चुकत असेल, तर त्याच्यासोबत म्हणा.

राम कृष्ण हरी!