वाचनालयात सगळ्या वयाचे वाचक कसे येतील?

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयात वर्तमानपत्र वाचायला ज्येष्ठ मंडळी तेवढी येतात. मुले आणि महिलाही याव्यात यासाठी काय करावे?
– एक ग्रंथपाल, जि. सातारा

उत्तर : आधी कपाटांची कुलपे काढा. मुलांची पुस्तके खालच्या फळीवर, मुखपृष्ठ समोर दिसेल अशी मांडा. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तासभर प्रकट वाचन ठेवा. वाचून दाखवायला तुमच्याकडच्या ज्येष्ठांनाच बसवा. महिलांना वाचनालयाची वेळ अनेकदा सोयीची नसते. त्यांच्यासाठी पुस्तकांची पेटी बचत गटाच्या बैठकीत पाठवा, महिन्याने बदला. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रम अशाच पेट्यांवर उभा राहिला. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला सुरुवात करा, पण तेवढ्यावर थांबू नका. वाचक जोडायचे तर उपक्रमात खंड पडू देऊ नका.