सांडपाणी कुठून जातं, ते आधी पाहा

जुन्या घराचं स्वयंपाकघर बदलायचं ठरलं की पहिली चर्चा शटरच्या रंगाची होते. मग ट्रॉल्या, मग चिमणी, मग ग्रॅनाइट काळा की करडा. बाहेरच्या चेंबरचा तळ किती खोल आहे, हे कुणी विचारत नाही. आमच्या ठेकेदाराने तो पाहिला, पण नवी फरशी बसून झाल्यावर.

घर पुण्यातलं. पानशेतचं धरण १२ जुलै १९६१ला फुटलं, त्यानंतरच्या वर्षांत शहरात ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांपैकी एकीतलं. खाली-वर अशा दोन मजल्यांचं. सिमेंट परमिटवर मिळायचं तो काळ. कॉलम-बीम नाहीत, ९ इंची विटांच्या भिंतींवरच स्लॅब टेकलेला. स्वयंपाकघर मागच्या अंगाला, १० बाय १२चं. बाहेरच्या भिंतीशी खिडकी, खिडकीखाली कडाप्प्याचा ओटा, कोपऱ्यात मोरी. पलीकडे मधली खोली. टेबल आणलं होतं, पण ते बोळात भिंतीला चिकटून असायचं आणि त्याच्यावर जेवणापेक्षा वर्तमानपत्रंच जास्त.

इंटिरिअर करणाऱ्या मुलीने काढलेला नकाशा देखणा होता. मधली भिंत जाणार, दोन्ही खोल्या एक होणार. खिडकीपाशी, बागेकडे तोंड करून जेवणाचं टेबल. ओटा आणि सिंक आतल्या भिंतीला. कागदावर यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. कागदावर उतार दिसत नाही.

सिंक बाहेरच्या भिंतीपासून १४ फूट आत गेलं. सांडपाण्याच्या पाइपाला साधारण ४० फुटांना १ फूट उतार हवा. म्हणजे १४ फुटांत सव्वाचार इंच. पाइपाची जाडी ३ इंच, त्यावर फरशीचा थर. एवढी खोली मिळवायला जमीन हवी तेवढी खणता येते, तळमजलाच तर आहे, असं वाटतं. पण पाणी शेवटी ज्या चेंबरात पडायचं, त्याचा तळ रस्त्यातल्या मुख्य लाइनीने ठरवलेला असतो. आमचं चेंबर उथळ. ठेकेदाराने पाइप जवळजवळ सपाट टाकला, "मॅडम, काही होत नाही, सगळीकडे असंच करतो," म्हणाला आणि वर व्हिट्रिफाइड टाइल बसवून मोकळा झाला.

थंडी पडली तसं तूप-तेल पाइपात थिजायला लागलं. आधी सिंक सावकाश उतरायचं, मग नहाणी ट्रॅपमधून वास, मग झुरळं. पाइप दोनदा सळईने साफ झाला आणि दोनदा पुन्हा तुंबला. यावर ठेकेदाराने उपाय सुचवला तो असा: स्वयंपाकघराची जमीन अर्धा फूट उचलू, पायरी छान दिसते. सासूबाई तेव्हा ऐंशीच्या पुढच्या. हातात कढईभर आमटी घेऊन पायरी उतरायची ही कल्पनाच त्यांनी एका वाक्यात निकालात काढली: "मग मला वाफाळत्या आमटीसकट उचलायला माणूस पण ठेवा." नवी फरशी फोडली, सिंक पुन्हा बाहेरच्या भिंतीला गेलं, आणि त्याबरोबर अख्खा नकाशा उलटा झाला. ओटा खिडकीशी, टेबल आत.

म्हणून ज्यांच्या घराला ४०-५० वर्षं झाली आहेत त्यांना माझं सांगणं एवढंच, की रेघ ओढायच्या आधी चेंबरची झाकणं उघडा. मोरीत बादलीभर पाण्यात गेरू कालवून ओता आणि तांबडं पाणी कोणत्या चेंबरात येतं ते पाहा. चेंबरचा तळ आणि घरातली फरशी यांतला फरक पाणपातळीने मोजून घ्या. गवंड्याकडे पारदर्शक नळी असते, तीत पाणी भरून हे पाच मिनिटांत होतं. फरशी फोडली तेव्हा आमच्याकडे आणखी एक गोष्ट निघाली. जुने भाजक्या मातीचे पाइप सांध्यांवर तडकलेले होते आणि त्यांत मागच्या आंब्याची मुळं शिरलेली. ती लाइन तशीच ठेवून वर महागडं स्वयंपाकघर बांधणं म्हणजे किडक्या दाढेवर सोन्याची टोपी.

फ्लॅटमध्ये हेच दुखणं वेगळ्या तऱ्हेने येतं. तिथे तुमच्या स्वयंपाकघराच्या खाली शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर असतं. सिंक सरकवून ते त्यांच्या पलंगावर नेलंत, तर गळती झाल्यावर नातं टिकत नाही.

भिंतीचं वेगळं सांगायला हवं. मधली भिंत पाडायच्या आधी माझ्या नवऱ्याने हट्टाने स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलावला. त्याने दाराच्या चौकटीपाशी टेप लावला: गिलाव्यासकट १० इंच. मग जिना चढून वर गेला. खालच्या भिंतीच्या बरोब्बर डोक्यावर वरची भिंत होती. "ही पाडायची नाही," म्हणाला. साडेचार इंची भिंत म्हणजे नुसता आडोसा असं आपण धरून चालतो, पण जुन्या बांधकामात तीही माळ्याचं नाहीतर वरच्या एखाद्या भिंतीचं ओझं घेऊन उभी असू शकते. ठोकून आवाज ऐकून हे कळत नाही. त्याची फी आमच्या एका ट्रॉलीपेक्षा कमी होती.

त्याने ४ फुटांची मोकळीक मात्र दिली, वर लिंटेल, लिंटेल घालताना दोन्ही अंगांना टेकू. आता ओट्यावरून ताट त्या झरोक्यातून थेट टेबलावर जातं. खरं सांगायचं तर मला हे पूर्ण उघड्या स्वयंपाकघरापेक्षा बरं वाटतं. आपल्या फोडणीला भिंत लागते. आमच्याकडे महिन्यातून दोन रविवारी बोंबील तळले जातात, आणि सोफ्याच्या कापडाला त्याची आवड नाही.

वायरिंगच्या माणसांवरही नजर ठेवा. एकाने बोर्ड हलवायला त्याच भिंतीत आडवी खाच मारायला घेतली होती. भार पेलणाऱ्या भिंतीत आडवी खाच जाडीच्या एक षष्ठांशापेक्षा खोल नको, उभी एक तृतीयांशापर्यंत चालते. म्हणजे ९ इंची भिंतीत आडवी जेमतेम दीड इंच. वायर छतालगत नेऊन जिथे बोर्ड हवा तिथे सरळ खाली उतरवली की हा प्रश्नच येत नाही. जुनं वायरिंग दोन ट्यूब आणि एका मिक्सरच्या हिशेबाने केलेलं असतं. २००० वॉटची इंडक्शन शेगडी एकटी पावणेनऊ अँपिअर ओढते, त्यात ओव्हन आणि गीझर आले. स्वयंपाकघराला १६ अँपिअरच्या प्लगांच्या स्वतंत्र लाइनी, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, यावर घासाघीस करू नका.

गॅसबद्दल एक गोष्ट घरोघरी चुकीची पाहते. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो गळला तर जमिनीशी साचतो. सिलिंडर बंद ट्रॉलीत कोंडायचा असेल तर शटरला तळाशी जाळी हवीच. पाइपातून येणारा गॅस हलका, तो छताकडे जातो. त्याच्यासाठी वरचा झरोका मोकळा हवा. पीओपी करताना लोक नेमका तोच बुजवतात. पाइप गॅसची नळी हलवायची तर कंपनीचा माणूस बोलवा, प्लंबर नव्हे.

आता टेबल. दुकानात ते नेहमी लहान दिसतं. एका माणसाला कडेची २ फूट जागा लागते, आणि खुर्ची मागे ओढून उठायला टेबलाच्या कडेपासून ३ फूट. ४ बाय अडीचचं टेबल मोकळेपणाने वापरायचं तर १० बाय साडेआठची जागा गेली. आम्ही खडूने फरशीवर टेबल आखलं, त्याच्याभोवती खऱ्या खुर्च्या ठेवल्या आणि आठवडाभर तसेच वावरलो. तेव्हा कळलं की सासूबाईंची हाताची खुर्ची फ्रिजचं दार अडवते. इंटिरिअरवाल्या मुलीने भिंतीला जोडलेला ग्रॅनाइटचा काउंटर आणि उंच स्टूलं सुचवली होती. उंच स्टुलावर कोण चढणार? शिवाय गौरींच्या जेवणाला आमच्याकडे अजून खाली पंगत बसते. त्या दिवशी टेबल उचलून भिंतीशी गेलं पाहिजे, काउंटर जात नाही.

ओट्याच्या उंचीचं ३२ इंच हे ठरीव माप ऐकून सोडून द्या. जी व्यक्ती रोज पोळ्या लाटते तिला उभं करा आणि कोपरापासून चार-पाच बोटं खाली खूण करा. कडाप्पा काढून टाकायची घाई नको. तो चुनखडीचा, लिंबू सांडलं की डाग धरतो हे खरं, पण फळ्या म्हणून ट्रॉल्यांच्या आत तो प्लायपेक्षा कितीतरी टिकतो. भिंतीतलं फडताळ तर बुजवूच नका. ती जागा खोलीतली एक इंचही न खाता मिळालेली असते. आमच्या फडताळात चहा-साखरेपासून औषधांपर्यंत सगळं मावतं.

काम श्रावणात सुरू करून गणपतीच्या आत संपवतो म्हणणाऱ्याला हात जोडा. पावसात गिलावा वाळत नाही, ओल्या भिंतीवर शटर बसली की प्लाय फुगतो. होळीनंतर सुरू करा. काम चालू असताना तात्पुरती शेगडी कुठे, भांडी कुठे घासायची, हे आधी ठरवा. न्हाणीघरात भांडी घासण्याने कंबर जाते.

आणि खाचा, पाइप बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचे टेप धरून फोटो काढा. नवऱ्याने त्यांवरून पाइप-वायरींचा नकाशा काढून मीटरच्या पेटीच्या दारामागे आतून चिकटवलाय. परवा पाण्याचं फिल्टर बसवायला आलेल्या मुलाला तो दाखवला, तर त्याने ड्रिल एक वीतभर डावीकडे घेतलं.