विमानाचा तोल आणि वैमानिकाचा हात

वारंगा फाटा



विमानाची निम्मी स्थिरता ते जमिनीवर असतानाच ठरते. माणसे, सामान आणि इंधन यांचा गुरुत्वमध्य मर्यादेत असला, तर झोताने उचललेले नाक आपोआप खाली येते. तो फार मागे गेला, की उसाची गाडी उलाळ व्हावी तसे नाक वर जाऊ पाहते आणि स्टॉलमध्ये, म्हणजे पंखांची उचल सुटल्यावर, ते खाली आणायला शेपटीचा जोर अपुरा पडतो. म्हणून वजनाचा हिशेब वैमानिकाने स्वतः मांडावा, दुसऱ्याच्या कागदावर नुसती सही करू नये.

हवेत नाक संथपणे वर-खाली होऊ लागले, तर प्रत्येक हेलकाव्यामागे धावू नये. घाईने स्टिक ढकलण्या-ओढण्यानेच हेलकावे वाढतात. जेट विमानांत नाक डावी-उजवीकडे फिरत पंखही डोलतात. याला डच रोल म्हणतात. यॉ डॅम्पर हे स्वयंचलित यंत्र त्याला आवरते. ते बंद पडले तर विमानाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या वेगावर आणि उंचीवर यावे.

सर्वांत फसवे ते सर्पिल वळण. वारंगा फाट्यासारख्या ठिकाणी रात्री महामार्गावरच्या दिव्यांची तिरपी रांग डोळ्यांना क्षितिज वाटू शकते. पंख इतका हळू झुकतो, की कानातल्या तोलेंद्रियाला पत्ता लागत नाही. नाक खाली जाते, वेग वाढतो. अशा वेळी नुसती स्टिक ओढली तर वळण आणखी आवळते. आधी पॉवर कमी, मग पंख समतल, आणि त्यानंतरच हलक्या हाताने नाक वर, हा क्रम मोडू नये. स्पिनची, म्हणजे स्टॉल होऊन विमान गरगरत खाली येण्याची, गोष्ट वेगळी. बहुतेक प्रशिक्षण विमानांत पॉवर बंद, एलेरॉन मध्यावर, फिरण्याच्या उलट दिशेला पूर्ण रडर आणि मग स्टिक पुढे. फिरणे थांबताच रडर सरळ करून विमान सावकाश वर काढायचे.

डोळेच नव्हे, कधी यंत्रही फसवते. 1 जानेवारी 1978 च्या रात्री सांताक्रूझहून दुबईला निघालेले एअर इंडियाचे बोइंग 747 ‘सम्राट अशोक’ वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले. 213 जण गेले. उजव्या वळणानंतर विमान समतल झाले, तरी कॅप्टनसमोरचे स्थितिदर्शक यंत्र ते उजवीकडेच झुकलेले दाखवत राहिले. खाली काळोखा समुद्र, क्षितिज नाही. कॅप्टनने विमान डावीकडे वळवत नेले. विमान धडधाकट होते. चुकीचा होता तो एक काटा. कॉकपिटमध्ये तशी आणखी यंत्रे होती. ती ताडून पाहायला हाती मोजके सेकंद होते आणि उंची दीड हजार फुटांच्याही आत.

इतक्या थोड्या वेळात विचार सुचत नाही, सवय कामी येते. तेव्हा परवान्यापुरत्या तासांवर समाधान न मानता, डोळ्यांवर झापड लावून विमान सावरण्याचा आणि दोन यंत्रे सतत ताडून पाहण्याचा सराव प्रशिक्षकाकडून आग्रहाने मागून घ्यावा.

मामाचे आशीर्वाद