पेशींच्या सूक्ष्म पिशव्या : विलगीकरणाच्या पद्धती

छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय कर्करोग रुग्णालयात मराठवाड्यातील गावोगावचे रुग्ण येतात. कर्करोगाच्या निश्चित निदानासाठी बहुधा गाठीचा तुकडा काढून तपासावा लागतो. केवळ रक्ताच्या नमुन्यावरून रोगाचा माग काढता येईल काय, यावर जगभर संशोधन चालू आहे. त्या संशोधनाचा एक आधार म्हणजे पेशींनी बाहेर सोडलेल्या सूक्ष्म पिशव्या होत.

अपक्व तांबड्या पेशी अशा पिशव्या बाहेर टाकतात, हे १९८३ मध्ये दिसून आले. पुढे त्यांना ‘एक्झोसोम’ हे नाव मिळाले. त्यांचा व्यास सुमारे ३० ते १५० नॅनोमीटर असतो. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. या पिशव्यांत मूळ पेशीची प्रथिने व आरएनए असतात. परंतु रक्तात तेवढ्याच आकाराचे स्निग्धकणही विपुल असतात. म्हणून विलगीकरण हीच खरी कसोटी ठरते.

सर्वांत रूढ पद्धत अपकेंद्री यंत्राची आहे. नमुना ४ अंश सेल्सिअसला ठेवून प्रथम गुरुत्वाकर्षणाच्या ३०० पट, नंतर २,००० पट आणि मग १०,००० पट बलाने फिरवितात. प्रत्येक वेळी तळाचा साका टाकून वरची निवळ पुढे घेतात. शेवटी १,००,००० पट बलाने सुमारे ७० मिनिटे फिरविल्यावर मात्र साका राखतात. त्यातच पिशव्या असतात. तथापि त्यांच्यासोबत काही प्रथिनेही खाली बसतात.

दुसऱ्या पद्धतीत सच्छिद्र मण्यांच्या स्तंभातून नमुना सोडतात. लहान रेणू छिद्रांत शिरून रेंगाळतात आणि मोठ्या पिशव्या आधी बाहेर पडतात. प्रतिपिंड लावलेल्या चुंबकीय मण्यांनी अधिक शुद्ध पिशव्या मिळतात. पण विशिष्ट प्रथिन असलेल्याच हाती लागतात. बहुवारिकाने साका पाडणे सोपे असले, तरी त्यात भेसळ अधिक राहते.

प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींबाबत आणखी एक दक्षता घ्यावी लागते. त्यांच्या पोषणद्रवात वासराच्या रक्ताची लस असते व तिच्यातही पिशव्या असतात. त्या आधी काढल्या नाहीत, तर वासराच्या पिशव्या संशोध्य पेशींच्या खाती जमा होतात.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवरील एक अभ्यास प्रसिद्ध केला. तरुण मूलपेशींच्या पिशव्यांमुळे वृद्ध उंदरांच्या रक्तजनक मूलपेशींची कार्यक्षमता सुधारते, असे त्यात आढळले. असा परिणाम पिशव्यांचाच आहे, त्यांतील भेसळीचा नव्हे, हे ठरविण्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, कणमोजणी आणि प्रथिन-चाचणी यांचा आधार घ्यावा लागतो.

अशुद्ध नमुन्यावरून काढलेला निष्कर्ष उद्या एखाद्या रुग्णाला खोटा दिलासा वा अकारण भीती देऊ शकेल. म्हणूनच पिशवीत काय आहे हे सांगण्यापूर्वी ती कशी वेगळी केली, हे सांगणे अगत्याचे आहे.